शेतावरच्या बॅटरी पंपाला आपोआप बंद करणारा टायमर कोणता लावावा?

तुम्ही विचारलंय की गावापासून लांब शेतात १२ व्होल्टचा छोटा पंप बॅटरीवर चालवता, खालच्या हौदातून वरच्या ५०० लिटरच्या टाकीत पाणी चढवता, बंद करायचं राहून जातं आणि सकाळी बॅटरी मेलेली सापडते, तर आपोआप बंद करणारा कोणता टायमर घेऊ, ऑनलाइन दीडशे रुपयांना मिळते ती टायमरची छोटी सर्किट प्लेट चालेल का. प्लेट चालेल. पण ती जशी येते तशी सरळ पंपाला जोडाल तर नाही चालणार, आणि हे मी दोनदा नुकसान करून शिकलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं शेत साक्री तालुक्यात, गावापासून साडेतीन किलोमीटर, शेवटच्या टप्प्यात गाडी जात नाही. ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या शेतातून दिसतात पण आमच्या बांधापर्यंत विजेचा खांब नाही. दीडशे सीताफळं आणि सात-आठ शेळ्या, तेवढ्यासाठी हौद बांधला, बारा फुटी मांडणीवर काळी टाकी ठेवली, आणि फवारणी पंपात असते त्याच जातीची पण मोठी डायफ्रॅम मोटर बसवली. गाडीची जुनी बॅटरी, ५० वॅटचं पॅनल, एक खटका. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात संध्याकाळी खटका टाकला, तेवढ्यात घरून फोन आला की आईला बरं नाही, तसाच धुळ्याला निघालो. पंप डोक्यातून पार गेला. सकाळी सहाला शेजारच्या शेतातल्या आप्पांचा फोन, "तुनी मोटर चालूच शे ना भो, नुसता आवाज करी राहिनी." टाकी भरून रात्रभर वाहिली, हौद कोरडा झाला, मग मोटर कोरडीच चालत राहिली, बॅटरी ७ व्होल्टवर आली. ती बॅटरी नंतर चार्ज केली तरी पुन्हा पहिल्यासारखी झालीच नाही, पाव तास चालून बसायची. आणि शेळ्यांना तीन दिवस मोटरसायकलवर कॅनने पाणी नेलं, मे महिन्यात. बॅटरीचे पैसे एक वेळ सोडून द्या, पण रिकाम्या कुंडीभोवती जीभ काढून उभ्या असलेल्या शेळ्या बघितल्या तेव्हा ठरवलं की हा पंप माणसाच्या आठवणीवर सोडायचा नाही.

तेव्हा पहिला टायमर आणला तो चावीचा, कूलरला वगैरे लावतात तसा, पिळला की टिकटिक करत परत येतो आणि शून्यावर बंद. कल्पना चांगली आहे कारण त्याला स्वतःला बॅटरी लागत नाही. तीन आठवडे छान चालला. मग एक दिवस चावी शून्यावर आणि मोटर चालू. खोलून बघितलं तर आतल्या पितळी पट्टीवरचे दोन पांढरे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे, एकमेकांना चिकटून बसले होते, स्क्रूड्रायव्हरने उचकटले तेव्हा टक करून सुटले आणि एकावर काळा खड्डा, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा. टायमरवर तर १० अँपियर लिहिलं होतं, माझी मोटर फक्त ४ अँपियर घेते. मग काय झालं, तर ते १० अँपियर घरच्या २३० व्होल्ट एसीसाठी लिहिलेले असतात. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे खटका सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही, त्यात मोटरच्या आत कॉइल, ती तुटताना उलटा झटका मारते, ठिणगी जास्त वेळ टिकते. शिवाय मोटर सुरू होतानाच तीन-चार पट करंट ओढते, म्हणजे माझी १२-१५ अँपियरपर्यंत, आणि तेवढ्या क्षणात ठिपका वितळून चिकटतो. म्हणून टायमर घेताना त्यावर डीसीचा, म्हणजे बॅटरीच्या करंटचा, आकडा वेगळा छापलाय का ते बघा, नसेल तर त्याच्यातून मोटरचा करंट न्यायचाच नाही.

तुम्ही दाखवलेल्या प्लेटवर जो निळा रिले असतो, म्हणजे थोड्या करंटने ओढला जाणारा खटका, त्यावर बहुतेक १०ए ३०व्हीडीसी असं छापलेलं असतं, म्हणजे कागदावर चालायला हवं. पण तो आकडा साध्या लोडचा आहे, मोटरचा नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, जी मला कुणी सांगितली नव्हती. ही प्लेट नुसती पडून असली तरी करंट खाते, माझ्या मीटरवर २० मिलिअँपियरच्या आसपास दाखवत होतं. ऐकायला काहीच नाही पण २४ तासाचे जवळजवळ अर्धा अँपियर-तास झाले आणि महिन्याचे १४. तुमच्याकडे ७ एएचची, म्हणजे ७ अँपियर-तासांची, यूपीएसवाली बॅटरी असेल आणि पॅनलवर धूळ बसली किंवा पंधरा दिवस झड लागली तर पंप एकदाही न चालता बॅटरी संपेल, आणि संपवणारा तो टायमरच असेल जो बॅटरी वाचवायला लावला होता.

याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या विहिरीवर आधीपासून आहे. थ्री फेज मोटरचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबलं की कॉइल पट्टी ओढून घेते, बोट काढलं तरी धरून ठेवते कारण कॉइलला करंट तिच्याच पट्टीतून मिळत राहतो, त्याला वायरमन होल्डिंग म्हणतात. लाइट गेली किंवा लाल बटण दाबलं की कॉइल सोडते आणि परत कुणी हिरवं दाबेपर्यंत सगळं मेलेलं. अगदी हीच गोष्ट १२ व्होल्टमध्ये करायची. टायमर स्वतःच स्वतःचा करंट तोडेल अशी.

सामान काय लागेल तर गाडीच्या हॉर्नला किंवा हेडलाइटला लागतो तो चार पायांचा १२ व्होल्टचा रिले, ३० किंवा ४० अँपियरचा, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सॉकेटसकट मिळतो. त्याच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ८५-८६ ही कॉइल, ३० मध्ये करंट येतो आणि कॉइल ओढली की ८७ मधून बाहेर जातो. दाबलं की लागणारं, सोडलं की सुटणारं एक साधं पुश बटण. टायमरची प्लेट. दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे, एक छोटा १ अँपियरचा आणि एक ६ अँपियरचा. आणि फ्यूज, माझ्या मोटरला मी १० अँपियरचा टाकलाय, बॅटरीच्या प्लसपासून एक वीतभर अंतरावर, पुढे कुठेतरी नको, कारण उंदराने वायर कुरतडून शॉर्ट झालं तर फ्यूजच्या अलीकडच्या वायरला वाचवणारं कोणी नाही.

जोडणी अशी. फ्यूजमधून आलेली जाड वायर रिलेच्या ३० ला. ८७ वरून जाड वायर पंपाच्या प्लसला. पंपाचं मायनस सरळ बॅटरीच्या मायनसला. आता बारीक वायरी. फ्यूजनंतरच्याच प्लसवरून एक वायर पुश बटणाला, बटणातून टायमर प्लेटच्या प्लसला. प्लेटचं मायनस बॅटरीच्या मायनसला. प्लेटच्या रिलेचा कॉमन पाय प्लेटच्याच प्लसला जोडायचा, आणि त्याचा उघडा पाय, ज्यावर एनओ लिहिलेलं असतं, तो गाडीच्या रिलेच्या ८५ ला, ८६ मायनसला. शेवटी ८७ वरून छोटा डायोड घालून एक बारीक वायर परत प्लेटच्या प्लसला, डायोडची पांढरी रेघ प्लेटच्या बाजूला. हा डायोड विसरू नका, नाहीतर बटण दाबल्यावर पंपाचा सगळा करंट क्षणभर त्या बारीक बटणातून उलटा जाईल आणि महिन्याभरात बटण जळेल.

प्लेट "करंट मिळाला की लगेच रिले ऑन, ठरलेल्या वेळेने ऑफ" या मोडवर लावायची, प्रत्येक प्लेटला हा मोड असतोच असं नाही म्हणून घेताना विचारून घ्या. मग बटण एक सेकंद दाबलं की प्लेट जागी होते, ती गाडीचा रिले ओढते, पंप सुरू, आणि ८७ मधून प्लेटला करंट मिळत राहतो. वेळ संपली की प्लेट रिले सोडते, ८७ मेला, म्हणजे प्लेटही मेली. पडून असताना शून्य करंट. प्लेटमधून जातो तो फक्त गाडीच्या रिलेच्या कॉइलचा, साधारण १५०-२०० मिलिअँपियर, त्याने तिचा निळा रिले वर्षानुवर्षं चिकटणार नाही. ६ अँपियरचा दुसरा डायोड पंपाच्या दोन वायरींवर आडवा लावायचा, पांढरी रेघ प्लसकडे, तो मोटरचा उलटा झटका गिळतो. हा उलटा लागला तर शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, तेवढं बघा.

आता मला मनापासून सांगायचंय ते असं की टायमर पाणी बघत नाही, तो फक्त घड्याळ बघतो. हौदात पाणी नसलं तरी तो पंप एक तास चालवेल. टाकी आधीच अर्धी भरलेली असली तरी एक तास चालवेल. म्हणून वेळ संपणं हे बंद होण्याचं एकच कारण ठेवू नका, आणि होल्डिंगची जोडणी केली की बाकीची कारणं घालायला काहीच कष्ट नाहीत. एनओपासून ८५ पर्यंत जाणारी जी बारीक वायर आहे ना, तिच्यातच सगळं एकामागे एक घालायचं. लाल बटण, जे दाबलं की तुटतं. वरच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा खटका, जो टाकी भरली की तुटतो. हौदातला फ्लोट, जो पाणी संपलं की तुटतो. यातलं कोणीही एक तुटलं की कॉइल सुटली, आणि एकदा सुटली की पाणी पुन्हा वरखाली झालं तरी पंप आपोआप परत सुरू होत नाही, बटण दाबावंच लागतं. या वायरीत करंट एवढा कमी आहे की टाकीपर्यंत साधी बेल वायर नेली तरी चालते. आणि उंदराने ती कुरतडली किंवा खुरप्याने तुटली तर पंप बंद राहतो, चालू राहत नाही. लांबच्या शेतावर बिघाड झालाच तर बंदच्या बाजूला व्हायला पाहिजे.

याच कारणाने मी आपोआप चालू करणारा डिजिटल घड्याळवाला टायमर लावायच्या विरोधात आहे, तो ज्यात आठवड्याचे वार आणि दहा-पंधरा ऑन-ऑफ टाकता येतात. निदान पहिल्या वर्षी तरी नको. विहिरीवरच्या ऑटो स्विचचं काय होतं ते आपण बघतोच, लाइट आली की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी उडतो, महावितरण दरवर्षी सांगतं की ऑटो काढा, कपॅसिटर लावा. बंद करायला माणूस लागू नये, पण चालू करायला माणूस समोर असावा, दहा लिटर पाणी वर पडताना डोळ्यांनी बघावं आणि मग निघावं. शिवाय त्या घड्याळाच्या आत स्वतःचा छोटा सेल असतो, तो संपला की वेळ सरकते आणि पंप रात्री दोनला सुरू झालेला तुम्हाला कळतही नाही.

वेळ किती ठेवायची ते अंदाजाने ठरवू नका. बादली घ्या, १५ लिटरची, वरच्या टाकीच्या तोंडाशी नळी धरून भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. माझी ११० सेकंदात भरते, म्हणजे मिनिटाला साधारण ८ लिटर, ५०० लिटरला एक तास. हे बॅटरी पूर्ण भरलेली असताना एकदा आणि सकाळी पॅनल सुरू व्हायच्या आधी एकदा मोजा, फरक पडतो. फ्लोट लावला असेल तर वेळ गरजेपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त ठेवा, फ्लोट नसेल तर तेवढीच कमी. आणि या डायफ्रॅम मोटरी सतत चालण्यासाठी नसतात, बहुतेकांच्या आत गरम झालं की बंद करणारा खटका असतो, एका दमात तासापेक्षा जास्त चालवू नका, मध्ये गार होऊ द्या. तुमची पाण्यात बुडणारी सबमर्सिबल असेल तर हौदातला फ्लोट आधी घ्या आणि टायमर नंतर, कारण ती पाण्यानेच गार राहते, कोरडी चालली की सील जातं.

बॅटरीचा हिशोबही याच बादलीवरून निघतो. ४ अँपियर गुणिले एक तास म्हणजे ४ एएच. लेड-ॲसिड बॅटरीचं निम्म्यापेक्षा जास्त काढायचं नाही, म्हणजे ७ एएचवर रोज एक टाकी भरणं म्हणजे तिला मारणंच. निदान २० एएच घ्या. बॅटरीला काही न जोडता तासभर ठेवून मग मीटर लावला तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.८ दाखवली तर संपलीच समजा, तशी दोन-चार दिवस पडू दिली की आत पांढरा थर बसतो तो परत निघत नाही, माझ्या बॅटरीचं तेच झालं. पॅनलच्या चार्ज कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेले दोन स्क्रू असतात, पंपाची फ्यूजवाली वायर बॅटरीऐवजी तिथून घेतली, मायनससुद्धा तिथूनच, तर व्होल्टेज साधारण ११ च्या खाली गेलं की कंट्रोलर स्वतः तोडतो. पण कंट्रोलर किती अँपियरचा आहे ते बघा, मोटर सुरू होतानाचा करंट त्याने सोसला पाहिजे. लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली असेल तर तिच्यात बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, असतो तो शेवटी तोडतोच, तरी रोज त्याच्यावर अवलंबून राहू नका.

वायर जाड घ्या. १२ व्होल्टला घरची सवय चालत नाही. बॅटरी पंपापासून २० मीटर लांब आणि वायर १ स्क्वेअर मिलिमीटरची, तर जाऊन-येऊन जवळजवळ ३ व्होल्ट वायरीतच मरतात, मोटरला साडेनऊ मिळतात, पाणी कमी चढतं आणि तुम्हाला वाटतं टायमर लवकर बंद होतोय. अडीच स्क्वेअरने सव्वा व्होल्ट जातात. सगळ्यात चांगलं म्हणजे बॅटरी पंपाजवळ.

आणि डबा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री सावलीत असतं, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत हात घालवत नाही. बॅटरी सावलीत, विटांवर ठेवा, उष्णतेने तिचं आयुष्य निम्म्यावर येतं आणि ॲसिडवाली असेल तर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर बघा. टायमर आणि रिले बॅटरीच्याच बंद पेटीत ठेवू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, रिलेला ठिणगी पडते, आणि ते सोडलं तरी ॲसिडच्या वाफेने तांब्यावर हिरवट बुरशीसारखं येतं. दुसरा प्लॅस्टिकचा डबा घ्या, वायरींची भोकं खालच्या बाजूला पाडा आणि एम-सीलने बुजवा. मी एक भोक तसंच ठेवलं होतं, पावसाळ्यात काळ्या मुंग्यांनी आत अंडी घातली, रिलेच्या सॉकेटच्या पायात, आणि पंप लागेना.

शेवटचा उपाय पाईपचा आहे आणि तो मी सगळ्यांच्या आधी करायला हवा होता. वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो मातीत सोडू नका, एक इंची पाईप लावून परत हौदात सोडा. रिले चिकटला, फ्लोट अडकला, काहीही झालं तरी पाणी फिरून हौदातच येतं. बॅटरी जाईल, पाणी जाणार नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात दोन्हीतलं काय जास्त महाग आहे हे मी सांगायला नको.

काही जण इथे सांगतील की सरकारी सौर पंप घ्या, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत ३ एचपीचा मिळतो, १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. विहीर-बोअर असेल तर जरूर अर्ज करा, चांगली गोष्ट आहे. पण तो पंप बॅटरीवर चालत नाही, उन्हावर सरळ चालतो, आणि ५०० लिटरची टाकी भरण्याचं तुमचं काम त्याचं नाही. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारा स्टार्टरही कुणी सुचवेल. त्याला चोवीस तास करंट लागतो आणि रेंज लागते, आमच्या खोऱ्यात रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, त्यामुळे बंद करण्याचं काम तरी त्याच्यावर टाकू नका.

सगळं जोडून झालं की त्या दिवशी घाई करू नका. टायमर ५ मिनिटांवर लावा आणि बसून बघा बंद होतो का. मग पंप चालू असताना वरचा फ्लोट हाताने उचला, बंद झाला पाहिजे. परत चालू करून हौदातला फ्लोट खाली दाबा. मग त्या बारीक वायरीचं एक टोक स्क्रूमधून ओढून काढा. चारही वेळेला बंद झाला तर वेळ एक तासावर न्या. पूर्ण एक टाकी समोर भरू द्या, गाडीच्या रिलेला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर सॉकेटमधली लग, म्हणजे वायरच्या टोकाची पत्र्याची क्लिप, सैल आहे, ती काढून पुन्हा दाबून बसवा.

तुमची मोटर किती अँपियर घेते आणि बॅटरी किती एएचची आहे ते मीटर लावून बघा आणि खाली लिहा, फ्यूज आणि वायर किती घ्यायची ते मी सांगतो.